वैतागाचं भांडवल

१० डिसेंबर २०१९ रोजी, संसदेच्या निवडणुकीच्या मतदानाला दोन दिवस उरलेले असताना, ब्रिटनचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन जेसीबीवर चढले. त्याच वर्षी आपल्याकडे ‘जेसीबीची खुदाई’ बघायला जमणाऱ्या गर्दीची समाजमाध्यमांवर यथेच्छ टिंगल झाली होती. तिकडे खुद्द पंतप्रधानच खुदाई करायला निघाले. समोर थर्माकोलच्या ठोकळ्यांची भिंत उभी केलेली, तिच्यावर ‘ग्रिडलॉक’ म्हणजे कोंडी असं लिहिलेलं, आणि यंत्रावर तीन शब्दांची घोषणा: ‘गेट ब्रेक्झिट डन’. ब्रेक्झिट म्हणजे ब्रिटनचं युरोपीय महासंघातून बाहेर पडणं; एकदाचं काय ते उरका! भिंत कोसळली, फोटो निघाले आणि दोन दिवसांनी जॉन्सन यांच्या हुजूर पक्षाला ८० जागांचं घसघशीत बहुमत मिळालं.

त्या भिंतीचे बरेचसे ठोकळे जॉन्सन यांनीच रचलेले होते. आधीच्या पंतप्रधान थेरेसा मे यांच्या मंत्रिमंडळातून जुलै २०१८ मध्ये राजीनामा देऊन ते बाहेर पडले, मे यांनी युरोपीय महासंघाशी केलेल्या कराराविरुद्ध त्यांनी दोनदा मतदान केलं, आणि तिसऱ्यांदा बाजूने केलं तेव्हा मे यांनी पद सोडायची तयारी दाखवलेली होती. पंतप्रधान झाल्यावर त्यांनी स्वतःचा करार आणला. २२ ऑक्टोबर २०१९ रोजी हाउस ऑफ कॉमन्सने, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने, त्याला ३२९ विरुद्ध २९९ मतांनी तत्त्वतः मान्यताही दिली. खासदारांचं म्हणणं एवढंच होतं की इतक्या मोठ्या विधेयकावर तीन दिवसांत चर्चा आटोपू नका, थोडा वेळ द्या. जॉन्सन यांनी वेळ देण्याऐवजी विधेयकच बाजूला ठेवलं आणि निवडणूक मागितली. कोंडी फुटायच्या बेतात असताना ती राखून ठेवली, कारण निवडणुकीत तिचा उपयोग होता.

म्हणूनच ब्रेक्झिटच्या राजकारणाला लोक कंटाळले होते, हे नेहमीचं वाक्य मला अपुरं वाटतं. लोक कंटाळले होतेच, पण तो कंटाळा आपोआप साचला नाही. आधी हेळसांडीतून तो निर्माण झाला, मग अनेकांनी आपापल्या सोयीने तो वाढू दिला, आणि शेवटी ज्यांनी वाढवला त्यांनीच त्याच्यावर मतं मागितली. युरोपात राहावं की न राहावं यावर ब्रिटिश जनतेचा निवाडा काय, हे त्या डिसेंबरात कुणी विचारलंच नाही. विचारलं ते इतकंच की तुम्हाला हे बंद व्हायला हवंय का? हो म्हणाले लोक. कोण नाही म्हणेल?

वैतागाची सुरुवात कुठे झाली ते बघायला २०१३ पर्यंत मागे जावं लागतं. त्या जानेवारीत तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी युरोपात राहावं की नाही यावर सार्वमताचं आश्वासन दिलं, ते देशात त्यासाठी कुणी रस्त्यावर उतरलं होतं म्हणून नव्हे. हुजूर पक्षात युरोपवरून दोन-तीन दशकं धुसफूस चालू होती, नायजेल फराज यांचा युरोपविरोधी पक्ष मतं खाऊ लागला होता, आणि कॅमेरॉन यांना घरातलं भांडण कायमचं मिटवायचं होतं. २३ जून २०१६ला मतदान झालं. ७२ टक्के मतदारांनी मत दिलं, ५१.९ टक्के बाहेर पडण्याच्या बाजूने, ४८.१ टक्के राहण्याच्या. १ कोटी ७४ लाख विरुद्ध १ कोटी ६१ लाख. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅमेरॉन यांनी राजीनामा जाहीर केला.

मतपत्रिकेवर दोनच पर्याय होते, आणि त्यांतल्या एकाचाच अर्थ ठाऊक होता. राहायचं म्हणजे आहे तसं चालू. बाहेर पडायचं म्हणजे काय? नॉर्वेसारखं युरोपच्या एकसंध बाजारपेठेत राहून फक्त सदस्यत्व सोडायचं? तुर्कस्तानसारखी जकातीपुरती युती ठेवायची? की सगळंच तोडायचं? प्रचारात बाहेर पडण्याच्या बाजूचे नेते यांतलं सगळंच सांगत होते, ज्याला जे आवडेल ते. आपल्याकडच्या सोसायटीच्या सभेत ‘पुनर्विकास हवा की नको’ एवढ्यावर हात वर करून घ्यावेत, आणि बिल्डर कोण, चौरस फूट किती, तोवरचं भाडं कोण देणार हे सगळं ‘नंतर बघू’ म्हणून सोडून द्यावं, तसला हा प्रकार. हात वर करणारे मूर्ख नसतात. गळक्या घरात राहून ते खरोखरच टेकीला आलेले असतात. दोष असतो तो सभा तशी बोलावणाऱ्या कमिटीचा.

आणि हे ब्रिटिशांना ठाऊक नव्हतं असंही नाही. २०११ मध्ये त्यांनीच निवडणूक पद्धत बदलण्यावर सार्वमत घेतलं होतं. तेव्हा बदल झाला तर नेमका काय होणार ते कायद्यात आधीच लिहून ठेवलं होतं. ‘हो’ म्हटलं असतं तर ती तरतूद लागू झाली असती. शेजारच्या आयर्लंडमध्ये सार्वमत म्हणजे राज्यघटनेतल्या नेमक्या कलमातला नेमका बदल. २०१८ साली गर्भपातबंदी उठवण्यावर त्यांनी मत घेतलं तेव्हा निकाल ‘हो’ लागला तर कोणता कायदा आणणार याचा मसुदा सरकारने मतदानाआधीच लोकांपुढे ठेवला. त्यावर कडाडून वाद झाला, पण निकालानंतर त्याचा अर्थ काय यावरून तीन वर्षं गुऱ्हाळ लागलं नाही. कॅमेरॉन सरकारने मात्र निकाल उलटा लागला तर काय करायचं याची तयारी करायला सनदी अधिकाऱ्यांना चक्क मज्जाव केला होता. संसदेच्या परराष्ट्र व्यवहार समितीने नंतर याला घोर निष्काळजीपणा म्हटलं. पुढच्या सगळ्या वैतागाचं मूळ मला त्या मज्जावात दिसतं.

मत कोणाला होतं, हाही एक मासला आहे. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना या सार्वमतात मतदान करता येत होतं. म्हणजे पुण्याहून कंपनीने दोन वर्षांसाठी पाठवलेला, भारतीय पासपोर्टवाला आयटीतला माणूस ब्रिटनचं भवितव्य ठरवायला पात्र. आणि पंधरा वर्षं तिथे राहून कर भरणारा पोलिश गवंडी अपात्र. याची सगळ्यात विचित्र झळ बसली ती आपल्या गोंयकारांना. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेले आणि त्यांची मुलं-नातवंडं पोर्तुगीज नागरिकत्व घेऊ शकतात. त्या पासपोर्टवर हजारो गोंयकार ब्रिटनमध्ये गेले आणि स्विंडन, साउथॉल या भागांत वसले. लिस्बन त्यांनी पाहिलंही नसेल, पण कागदोपत्री ते युरोपीय. त्यामुळे स्विंडनच्या एखाद्या गोदामात शेजारी-शेजारी काम करणारे, एकाच गावचे दोघे जण घेतले, तर भारतीय पासपोर्टवाल्याला मत होतं आणि ज्याचं आयुष्य या निकालावर टांगलेलं होतं त्या पोर्तुगीज पासपोर्टवाल्याला नव्हतं. स्विंडनने सुमारे ५५ टक्क्यांनी बाहेर पडायचा कौल दिला. पुढे या लोकांना तिथेच राहण्यासाठी रीतसर अर्ज करावे लागले, आणि २०२१ पासून पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन सरळ ब्रिटनला नोकरीला जायची वाट बंद झाली. पणजीत आणि मडगावात ब्रेक्झिटची चर्चा त्या काळात घराघरांत का होत होती, ते यावरून कळावं.

पुन्हा वेस्टमिन्स्टरकडे, म्हणजे ब्रिटिश संसदेकडे. एप्रिल २०१७ मध्ये मे यांनी अचानक मुदतपूर्व निवडणूक जाहीर केली तेव्हा ब्रिस्टलमधल्या एका वयस्क बाईंना टीव्हीच्या वार्ताहराने रस्त्यात गाठलं. ‘थट्टा करताय का? आणखी एक?’ असं त्या जे कळवळून म्हणाल्या, ते देशभर गाजलं. मे यांना मोठं बहुमत हवं होतं. होतं तेही गेलं. उत्तर आयर्लंडमधल्या डीयूपी या पक्षाच्या दहा खासदारांच्या टेकूवर त्यांना सरकार चालवावं लागलं, आणि त्यासाठी उत्तर आयर्लंडला शंभर कोटी पौंडांचा वाढीव निधी कबूल करावा लागला. ‘ब्रेक्झिट म्हणजे ब्रेक्झिट’ हे त्यांचं लाडकं वाक्य. त्यातून कुणालाच काही कळत नव्हतं, आणि बराच काळ तेच त्यांच्या पथ्यावर पडत होतं.

मग २०१९चा तो हिवाळा आला. १५ जानेवारीला मे यांचा करार ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला गेला; आधुनिक काळात कुठल्याही ब्रिटिश सरकारचा एवढा मोठा पराभव झाला नव्हता. मार्चमध्ये आणखी दोनदा तोच करार, तोच निकाल. मधल्या काळात सभापती जॉन बर्को यांनी १६०४ सालच्या एका प्रघाताचा आधार घेऊन ‘तोच प्रस्ताव पुन्हा पुन्हा आणता येणार नाही’ असं बजावलं. २७ मार्चला खासदारांनी सभागृहाचं कामकाज आपल्या हाती घेतलं आणि आठ पर्यायांवर मतदान केलं. आठही नापास. १ एप्रिलला त्यांतले चार पुन्हा घेतले. चारही नापास, तेही प्रेक्षक सज्जाच्या काचेला अर्धनग्न पर्यावरणवादी आंदोलक चिकटून बसलेले असताना. ३ एप्रिलला एका मतदानात ३१० विरुद्ध ३१० अशी बरोबरी झाली. ४ तारखेला सभागृहाच्या छतातून पाणी गळायला लागलं आणि कामकाज थांबवावं लागलं. कादंबरीत हे असं ओळीने लिहिलं असतं तर संपादकाने ‘जरा अती होतंय’ म्हणून कापलं असतं.

लोकांना हे सगळं थेट दिसत होतं. त्याच दिवसांत ब्रेक्झिट रद्द करा अशा ऑनलाइन मागणीवर ६० लाखांहून जास्त सह्या झाल्या. आणि त्यानंतर दोन महिन्यांत, ज्या महासंघातून बाहेर पडायचं त्याच्याच संसदेच्या निवडणुकीत ब्रिटनला भाग घ्यावा लागला, तेव्हा फराज यांचा काही महिन्यांचा ब्रेक्झिट पक्ष पहिला आला आणि सत्ताधारी हुजूर पक्ष पाचव्या क्रमांकावर ढकलला गेला. दोन्ही बाजूंचे लोक एकाच गोष्टीवर चिडलेले होते. दरम्यान, करार न होता बाहेर पडावं लागलं तर माल आणायचा कसा म्हणून वाहतूक खात्याने फेरीबोटींची कंत्राटं दिली. त्यातलं जवळपास १ कोटी ३८ लाख पौंडांचं एक कंत्राट ज्या कंपनीला मिळालं, तिच्याकडे एकही जहाज नव्हतं. ते पुढे रद्द झालं.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी युरोपवादी मंडळींना रुचत नाही. १ एप्रिलच्या त्या मतदानात युरोपशी जकातीची युती कायम ठेवण्याचा प्रस्ताव २७३ विरुद्ध २७६ असा, अवघ्या तीन मतांनी पडला. तो संमत झाला असता तर ब्रिटन बाहेर पडलं असतं, पण बरंच सौम्य रीतीने. बाहेर पडण्याच्या कट्टर समर्थकांनी विरोध करणं समजण्यासारखं आहे. पण ज्यांना युरोपात राहायचंच होतं अशा पक्षांतल्या अनेक खासदारांनीही त्याला साथ दिली नाही. त्यांना दुसरं सार्वमत हवं होतं, आणि तडजोड झाली तर ते हातचं जाईल अशी भीती होती. शेवटी दुसरं सार्वमतही मिळालं नाही आणि मऊ ब्रेक्झिटही गेलं. तेलही गेलं, तूपही गेलं. वैताग वाढला तर आपला फायदा होईल, असा हिशोब फक्त जॉन्सन आणि फराज यांचाच होता असं म्हणणं म्हणूनच खरं नाही. जेरेमी कॉर्बिन यांच्या मजूर पक्षाचं, म्हणजे मुख्य विरोधी पक्षाचं तर काय म्हणणं आहे, हेच त्यांच्या मतदारांना शेवटपर्यंत उमगलं नाही.

खरी अडचण कुठे होती? आयर्लंड बेटावर. उत्तर आयर्लंड ब्रिटनचं, उरलेलं बेट स्वतंत्र आयर्लंडचं, मधली सीमा सुमारे ५०० किलोमीटरची आणि ती ओलांडणारे दोनशेहून अधिक रस्ते. उत्तर आयर्लंडमधला हिंसाचार थांबवणाऱ्या १९९८च्या शांतता करारानंतर तिथल्या चौक्या गेल्या, आणि त्या परत याव्यात असं शहाण्या माणसाला वाटत नव्हतं. पण ब्रिटन युरोपच्या जकातव्यवस्थेतून बाहेर गेलं तर तपासणी कुठेतरी करावीच लागणार. जमिनीवर नाही तर समुद्रात, म्हणजे ब्रिटनच्याच दोन भागांमध्ये. सार्वमताच्या प्रचारात हा विषय इंग्लंडमध्ये जवळपास कुणी काढलाच नाही. पुढची तीन वर्षं सगळं अडलं ते त्याच्यावर. या काळात आयर्लंडचे पंतप्रधान होते लिओ वराडकर. त्यांचे वडील डॉक्टर, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. १० ऑक्टोबर २०१९ रोजी लिव्हरपूलजवळच्या एका हॉटेलात जॉन्सन आणि वराडकर भेटले आणि तोडगा निघाला: तपासणी समुद्रात. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत वराडकर वराडला येऊन ग्रामदैवताचं दर्शन घेऊन गेले, तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांनी ‘कोकणचा सुपुत्र’ म्हणून भरभरून कौतुक केलं. त्या सुपुत्राने दोन-अडीच महिन्यांपूर्वी नेमकं काय साधलं होतं, याबद्दल मात्र त्या बातम्यांत फारसं काही नव्हतं.

समुद्रातली ती सीमा म्हणजे जॉन्सन यांनी २०१८ मध्ये डीयूपीच्याच अधिवेशनात जाऊन ‘कुठलंही हुजूर सरकार असलं काही मान्य करणार नाही’ असं ज्याबद्दल सांगितलं होतं, तेच. ‘मुदतवाढ मागण्यापेक्षा खंदकात मरून पडेन’ असंही ते म्हणाले होते; मग मुदतवाढीचं पत्र पाठवलं, फक्त त्याच्यावर सही केली नाही. संसद तहकूब करण्याचा त्यांचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या अकराच्या अकरा न्यायाधीशांनी बेकायदा ठरवला. या सगळ्यानंतर लोकांनी त्यांना भरघोस बहुमत दिलं. त्यावर ‘बघा, लोकच तसे’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात, आपल्याकडेही. मला ते आळशी विधान वाटतं. ईशान्य इंग्लंडमधल्या संडरलंडसारख्या शहरात जहाजबांधणी संपली, खाणी संपल्या, २०१० नंतरच्या काटकसरीत ग्रंथालयं आणि तरुणांची केंद्रं बंद झाली. तिथल्या माणसाने २०१६ मध्ये एकदा मत दिलं आणि पुढची साडेतीन वर्षं त्याला सांगितलं गेलं की तुला कळलं नव्हतं, तू फसलास, पुन्हा विचार कर. युरोपला आठवड्याला ३५ कोटी पौंड जातात, ते आरोग्यसेवेला देऊ असं लाल बसवर रंगवणाऱ्यांनी त्याची दिशाभूल केली, हे खरं आहे. पण दिशाभूल झाली असं ऐकवणाऱ्यांनीही त्याच्या ग्रंथालयाबद्दल काही विचारलं नव्हतं. त्याने ‘उरका’ म्हणणाऱ्याला मत दिलं, यात नवल ते काय?

३१ जानेवारी २०२० रोजी रात्री ११ वाजता ब्रिटन बाहेर पडलं. व्यापार करार झाला तो त्या वर्षीच्या नाताळच्या आदल्या दिवशी, आणि शेवटचे दिवस भांडण चाललं होतं मासळीवरून. अर्थव्यवस्थेत मासेमारीचा वाटा नगण्य, पण ध्वज आणि समुद्र आला की आकडे कोण बघतो. जानेवारी २०२१ मध्ये स्कॉटलंडचे शेवंड-खेकडे निर्यात करणारे व्यापारी आपले ट्रक घेऊन थेट डाउनिंग स्ट्रीटच्या, म्हणजे पंतप्रधानांच्या निवासस्थानाच्या आसपास येऊन उभे राहिले. आरोग्य प्रमाणपत्रांच्या कागदपत्रांत त्यांचा माल अडकत होता. मालवणचा कुठलाही कोळी सांगेल की जिवंत माल असा दोन दिवस थांबला की त्याचं काय होतं. युरोपने आपली तपासणी पहिल्या दिवसापासून लावली. ब्रिटनने युरोपातून येणाऱ्या मालावरची स्वतःची तपासणी पाच वेळा पुढे ढकलली आणि २०२४ मध्ये सुरू केली. पोर्ट्समथ बंदरात त्यासाठी सुमारे अडीच कोटी पौंड खर्चून केंद्र बांधलं, आणि त्याचा बराचसा भाग वापराविना पडून राहिला.

सरकारी पण स्वायत्त असलेल्या ऑफिस फॉर बजेट रिस्पॉन्सिबिलिटीचा अंदाज असा की युरोपात राहिलं असतं त्या तुलनेत ब्रिटनची उत्पादकता दीर्घकाळात सुमारे ४ टक्क्यांनी कमी राहील. हे एका रात्रीत कोसळणं नाही, हळूहळू झिजणं आहे, आणि म्हणून राजकारण्यांना सोयीचं आहे. करोना, युक्रेन, महागाई यांच्या आड ते सहज लपतं. ज्या स्थलांतरावरून एवढं रान पेटवलं होतं, ते तर २०२३च्या मध्यापर्यंतच्या वर्षात निव्वळ ९ लाखांच्या पुढे गेलं. पोलंड-रुमानियातून येणारे घटले आणि भारत-नायजेरियातून येणारे वाढले. परदेशी विद्यार्थ्यांची भरमसाट फी विद्यापीठांना हवी होती आणि वृद्धांची सेवा करायला माणसं हवी होती. ते व्हिसा हुजूर सरकारनेच दिले होते. लोकांना मात्र ‘सीमा आपल्या हाती’ असं सांगितलं गेलं होतं.

मग २०२४ची निवडणूक आली, आणि त्या प्रचारात दोन्ही मोठ्या पक्षांनी ब्रेक्झिटचं नावसुद्धा घ्यायचं टाळलं. देश आठ वर्षं ज्या एका विषयावर भांडला, त्या विषयाचा जमाखर्च मांडायला कुणी तयार नाही! हुजुरांना कबुली द्यायची नव्हती, मजूर पक्षाला जुनी जखम उकरायची नव्हती. सभ्य माणसं जे बोलायचं टाळतात ते बोलायला कुणीतरी असतोच. सात वेळा हरलेले फराज आठव्या प्रयत्नात खासदार झाले, त्यांच्या रिफॉर्म यूके पक्षाला १४ टक्के मतं पडली, आणि मे २०२५च्या स्थानिक निवडणुकांत त्यांनी दहा परिषदा जिंकल्या. ‘ब्रेक्झिट चांगलंच होतं, या लोकांनी ते नीट केलं नाही’ हे त्यांचं म्हणणं. ते खोडायला हिशोब लागतो, आणि हिशोबाची वही तर दोघांनीही मिटून ठेवलेली.

जनमत चाचण्यांत आता निम्म्याहून अधिक ब्रिटिश बाहेर पडणं चूक होती असं सांगतात. २०२४ मध्ये पंतप्रधान झालेले मजूर पक्षाचे किअर स्टार्मर यांनी मे २०२५ मध्ये युरोपशी संबंध जरा सुधारून घेतले: खाद्यपदार्थांवरची तपासणी कमी करायची बोलणी, आणि त्याच्या बदल्यात युरोपच्या बोटींना ब्रिटिश पाण्यात २०३८ पर्यंत मासेमारीची मुभा. एकसंध बाजारपेठ नाही, जकातीची युती नाही, हे मात्र ते घोकत राहिले. त्यांच्या डावीकडे आणि मध्यावर ‘परत जाऊ या’ म्हणणारे वाढू लागलेत. त्यांच्याशी माझं मनाने जुळतं, पण त्यांचीही तीच जुनी खोड दिसते. परत जायचं म्हणजे कशात? १९८४ मध्ये मार्गारेट थॅचर यांनी वर्गणीत मिळवलेली सूट पुन्हा मिळणार नाही. नव्या सदस्याने केव्हातरी युरो स्वीकारायचा असतो. पौंड सोडणार का? पासपोर्ट न दाखवता ये-जा करायच्या शेंगेन व्यवस्थेत जाणार का, आणि गेलात तर त्या आयरिश सीमेचं काय? सत्तावीस देशांपैकी एकानेही नाही म्हटलं तर? ही उत्तरं लिहून, छापून, संडरलंडच्या त्या माणसाच्या हातात आधी द्या, मग त्याच्याकडे मत मागा. सध्या तरी ‘परत जाऊ या’ हेही एक तीन शब्दांचं वाक्यच आहे, आणि त्याची पाठराखण करणाऱ्यांना चाचण्यांतले टक्के मोजण्यातून सवड मिळालेली दिसत नाही.